मनातले मांदे

अपांना, म्हणजे आमच्या वडिलांना, मेंदूचा झटका आला आणि त्यात त्यांचं इंग्रजी गेलं. बाकी बरंचसं शाबूत राहिलं: डावा हात, भूक, शेजाऱ्यांबद्दलची मतं आणि स्पॅनिश. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी, मागाहून शिकलेली भाषा आधी जाते, लहानपणची राहते. घरच्यांनी त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये बोलत राहायचं, बस. एवढं सांगून ते पुढच्या खाटेकडे गेले. माझी थोरली बहीण बेलिंडा माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीकडे बघायला लागलो.

आम्हाला स्पॅनिश येत नाही. ते येऊ नये अशी व्यवस्था स्वतः अपांनीच केली होती.

त्यांच्या लहानपणी, इथेच सॅन अँटोनिओच्या पश्चिम भागात, शाळेत तोंडातून स्पॅनिश शब्द निघाला की मास्तर लाकडी फळीनं ढुंगण शेकून काढायचे. निकानोर अरिस्पे हे नाव घेताना मास्तरांची जीभ अडखळायची म्हणून त्यांनी परस्पर त्याचं 'निक' करून टाकलं. अपांनी तेव्हाच ठरवलं की आपल्या पोरांच्या वाट्याला फळी यायची नाही. म्हणून बहिणीचं नाव बेलिंडा आणि माझं गिल्बर्ट. आई-अपा स्पॅनिश बोलायचे ते फक्त खोलीचं दार लावून, भांडताना. त्यामुळे आजही रस्त्यात कुणी मला स्पॅनिशमध्ये साधा पत्ता विचारला तरी वाटतं, आपल्या हातून काहीतरी फुटलंय. आई तीन वर्षांपूर्वी गेली, आणि तिच्याबरोबर दुभाष्याची सोयही.

माझी नोकरी फोनवरची आहे. लोकांच्या विजेच्या बिलाच्या तक्रारी ऐकायच्या. आडनाव बघून मला पहिल्याच दिवशी स्पॅनिश विभागात बसवलं. 'एक क्षण थांबा' एवढं एकच वाक्य मी पाठ केलंय. ते म्हणतो आणि माणसाला इंग्रजी विभागाकडे ढकलतो. तिथे ओल्गा नावाची मुलगी बसते, तिला उत्तम स्पॅनिश येतं. आजवर कुणी तक्रार केलेली नाही. केली असती तरी ती माझ्याकडेच आली असती.

तर अपा घरी आले. दुपारी पुढच्या खोलीत आपल्या खुर्चीत बसायचे, मान मागे टाकायचे आणि एक वाक्य म्हणायचे. रोज तेच वाक्य. आधी शांतपणे, मग जोरात, मग काठी आपटून. म्हणून झालं की आमच्या तोंडाकडे बघत राहायचे. आम्ही त्यांच्या. मग ते उठून खोलीभर येरझाऱ्या घालायचे आणि ते पडू नयेत म्हणून त्यांच्यामागे बेलिंडा. दोघांना बघून मलाही एका जागी बसवेना. आमच्या घरात बसलेलं असं फक्त टीव्हीचं कपाट उरलं होतं.

वाक्य फोनला ऐकवून पाहिलं. अपांची जीभ जरा जड झाली होती. फोन म्हणाला, 'घोड्याला पेन्शन पाहिजे आहे.' पुन्हा ऐकवलं. फोन म्हणाला, 'घोड्याला पेन्शन पाहिजे आहे, कृपया.'

मेक्सिकोत, मोंतेर्रेच्या मावशीला फोन लावला. तिचं इंग्रजी बेताचं, पण मतं मुबलक.

"तो म्हणतोय, पोरांनी मला टाकलं," मावशी म्हणाली.

"एवढ्याशा वाक्यात एवढं?" बेलिंडानं विचारलं.

"मी वाक्यावर जात नाही, मिहा, पोरी. मी त्याला ओळखते."

शेवटी उरला शेजारचा काइल हेंडरशॉट. दाढी सोनेरी, गुडघे लाल. तरुणपणी ग्वातेमालात जाऊन दोन वर्षं विहिरी खणून आला आणि खड्ड्यातून स्पॅनिश घेऊन वर आला. त्याच्या मुलाचं नाव मातेओ. त्याचं मातेओ आणि माझं गिल्बर्ट. आमच्या गल्लीत नावं वाटताना कुणीतरी टोपल्या बदलल्या असाव्यात. संध्याकाळी काइल आमच्या ओट्यावर अपांशेजारी बसायचा, दोघं हसायचे, मांडीवर थापा मारायचे, आणि जाताना काइल दारातून आम्हाला आमच्या बापाचा निरोप द्यायचा.

"ते म्हणतायत, अंगणातलं गवत फार वाढलंय."

बेलिंडाला संशय होता की यातलं निम्मं काइलचं स्वतःचं असतं.

"आणि ते दुपारचं वाक्य?"

काइलनं दाढी खाजवली. "हातपंखा उलटा चाललाय, असं काहीतरी आहे."

"कुणाचा हातपंखा?"

"बायकांच्या हातात असतो ना, घडीचा, तो. मला वाटतं ते आयुष्याबद्दल बोलतायत."

"माझे अपा तीस वर्षं लोकांचे एसी दुरुस्त करत होते, काइल. ते आयुष्याबद्दल बोलत नाहीत."

"माणूस बदलतो," काइल म्हणाला आणि गवताकडे एकदा बघून निघून गेला.

दार लावल्यावर बेलिंडा स्वयंपाकघरात गेली, आधीच धुतलेला तवा तिनं पुन्हा धुवायला घेतला. "बापाचं बोलणं मला कुंपणापलीकडून कळतंय," ती म्हणाली. "उद्या ते मरायला टेकले आणि काही बोलले, तर मी काय करू? काइलला हाक मारू?"

"मातेओलाही येतं," मी म्हटलं. "काइल घरी नसला तर."

तिनं तवा माझ्याकडे ज्या पद्धतीनं धरला, त्यावरून मी बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी तिनं ठरवलेलं होतं. तिची मुलगी नोएलिया पाच वर्षांची, या ऑगस्टमध्ये शाळेत जायची. ती दोन भाषांच्या शाळेत जाईल, अर्धा दिवस स्पॅनिश, अर्धा दिवस इंग्रजी. आपल्याला आता या वयात काही यायचं नाही, पण घरात एकतरी माणूस अपांचं ऐकून घेणारं तयार होईल. बेलिंडाचा नवरा महिन्यातले बरेच दिवस दूर तेलविहिरींवर असतो. त्यानं फोनवर 'बरं' म्हटलं. तो सगळ्यालाच 'बरं' म्हणतो.

शाळेनं पालकांची सभा ठेवली. मुख्याध्यापकांनी सगळ्यांना गोल बसवलं, लहान पोरांच्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लागतील असं. म्हणाले, प्रत्येकानं सांगा, ही शाळा का निवडली.

काइल म्हणाला, दोन भाषांनी मेंदूतला करडा भाग जाड होतो. राउल नावाचा एक गृहस्थ म्हणाला, बायको आणि सासू जेवताना माझ्याबद्दल स्पॅनिशमध्ये बोलतात, मला घरात एक हेर पाहिजे. एका बाईंनी सांगितलं, माझ्या आधीच्या नवऱ्याला ही शाळा अजिबात पसंत नाही, म्हणून. आणखी एका बाईंचा असा समज होता की दोन भाषा म्हणजे दोन वेळचं जेवण. तसं नाही म्हटल्यावर त्या थोडा वेळ बसल्या आणि गेल्या. एक आजोबा म्हणाले, घराजवळ आहे. मला त्यांचं सर्वांत पटलं.

बेलिंडाची पाळी आली. तिचा पाय मघापासून हलत होता, तो थांबला.

"भविष्यासाठी," ती म्हणाली.

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं कारण घरी खुर्चीत बसून कुणाच्यातरी तोंडाकडे बघत होतं.

शाळेत जागांचे दोन भाग होते. निम्म्या जागा घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना, निम्म्या घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांना, म्हणजे पोरं एकमेकांकडून शिकतात. इंग्रजी बाजूला हीऽऽ रांग, चिठ्ठ्या टाकून नंबर. स्पॅनिश बाजूला जागा रिकाम्या. घरी कोणती भाषा बोलली जाते, या अर्जातल्या प्रश्नाला बेलिंडानं 'स्पॅनिश' असं उत्तर दिलं.

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"कुठे खोटं? आपल्या घरात दिवसभर स्पॅनिश बोललं जातं. कुणाला कळत नाही, ही वेगळी गोष्ट."

फक्त एक अडचण होती. स्पॅनिश बाजूच्या मुलांची तोंडी परीक्षा व्हायची. बेलिंडानं घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. एकेक शब्द फोनला विचारायचा, फोन सांगेल तो मोठ्या अक्षरात लिहायचा आणि वस्तूवर डकवायचा. दारावर, फ्रिजवर, ड्रॉवरवर, नळावर, शिडी लावून वरच्या पंख्यावरसुद्धा. नोएलियाला हाताला धरून घरभर फिरवून ती एकेक शब्द वाचायची. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, पण आमचा पोहरा मात्र दिवसातून चार वेळा खाली जात होता.

हे सुरू झालं आणि अपा बिथरले. खुर्चीतून उठून त्यांनी ड्रॉवरवरची चिठ्ठी टरकावली. नळावरची टरकावली. पंख्याकडे हात पुरेना म्हणून काठीनं ढोसून पंख्याची चिठ्ठी पाडली, ती पायाखाली घेतली आणि म्हणाले, "नो." हा शब्द दोन्ही भाषांत असल्यामुळे आम्हाला कळला.

बेलिंडा न्हाणीघरात जाऊन बसली. मी दारापाशी उभा राहिलो.

"त्यांना अजूनही नकोच आहे, गिल," ती आतून म्हणाली. "इंग्रजी गेलं, पण फळी नाही गेली."

मी म्हटलं, "एक क्षण थांबा." स्पॅनिशमध्ये. आतून हसण्यासारखा आवाज आला, किंवा नाक शिंकरल्याचा.

चिठ्ठ्या तिनं पुन्हा लावल्या नाहीत. पण शाळेतलं नावही काढलं नाही.

त्याच दिवसांत अपांनी आपल्या मनानं नोएलियाला एक शब्द शिकवला. ते हाक मारायचे, ही टीव्हीसमोरून ओरडायची, "काऽय?" अपांच्या जुन्या रीतीत मोठ्या माणसाला असं विचारत नाहीत. मोठ्यांनी हाक मारली की 'मांदे' म्हणायचं. म्हणजे आज्ञा करा. ऐकू आलं नाही, कळलं नाही, तरी तेच: मांदे. अपा काठीनं जमीन ठोकायचे, "मांदे" म्हणायचे आणि थांबायचे. एकदा तिनं म्हटलं. अपांनी खिशातून शेंगदाण्याची गोल वडी काढून दिली, ती कागद उलगडेपर्यंत भुगा होते ती. नोएलिया हुशार आहे. दोन दिवसांत तिचा हिशेब पक्का झाला: मोठं माणूस स्पॅनिशमध्ये काहीही बोललं की 'मांदे' म्हणायचं, मग वडी मिळते.

बेलिंडानं हे ऐकलं. "बघ, उच्चार किती छान आहे," ती म्हणाली. पोरगी एका शब्दावर होती आणि आई मनात मांडे खात पदवीदान समारंभापर्यंत पोचली होती.

परीक्षा घ्यायला ओकांपोबाई होत्या. मूळच्या कोलंबियाच्या, समुद्राकाठच्या, आवाज मऊ. त्यांनी नोएलियाला आत नेलं, दार लावलं. मी आणि बेलिंडा बाहेरच्या बाकावर. बेलिंडानं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, गुंडाळला. बोटाचं टोक जांभळं व्हायला लागल्यावर मी तो काढून घेतला आणि माझ्या बोटाला गुंडाळायला लागलो.

आतून बाईंचा प्रश्न ऐकू आला. मग नोएलियाचा आवाज, स्पष्ट, अदबशीर: "मांदे?"

बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्यानं.

"मांदे?"

आणखी मोठ्यानं.

"मांदे?"

पुढचा प्रश्न बाईंनी सुरुवातीपासूनच वरच्या पट्टीत लावला. शेवटी शेवटी तर ओकांपोबाई अशा ओरडत होत्या की समोरच्या वर्गातली मुलं खिडकीत आली. त्या ओरडण्यात मला 'काबायो' एवढं ऐकू आलं. घोडा. घोड्याला पेन्शन मागणाऱ्या फोनमुळे हा एक शब्द मला येत होता.

"मांदे?" नोएलिया म्हणाली.

बाई बाहेर आल्या तेव्हा घसा चोळत होत्या. नोएलियानं माझा हात ओढला. "मामा, ही वडी देतच नाही."

"मुलगी गोड आहे," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "इतकं वळण आताच्या मुलांना नसतं. स्पॅनिश घरचंच आहे, शंका नाही, हा शब्द बाहेर कुठे शिकवत नाहीत. पण तुम्ही कधी तिचे कान तपासलेत का?"

आली का पंचाईत. नोएलियाची जागा जवळजवळ नक्की होती, फक्त शाळेच्या नर्सनं कान तपासून कळवायचं, की हिला ऐकू येत नाही. कान चांगले निघाले तर मग प्रश्न उरत होता: ऐकू येत असताना पोरगी इतक्या वेळा 'मांदे' का म्हणाली?

कानाच्या तपासणीला आम्ही गाडीतून निघालो. घरी थांबायला कुणी नव्हतं म्हणून अपाही बरोबर होते, मागे, नोएलियाशेजारी. मे महिन्याचं ऊन काचेतून आत येऊन बसलं होतं.

"समजा तिनं हात वर केलाच नाही," बेलिंडा हळूच म्हणाली.

"मग ती बहिरी ठरेल."

"पण स्पॅनिश ठरेल."

"बहिरी स्पॅनिश."

"थोडीशी बहिरी. एका कानानं."

खरं सांगायचं तर मी कुठला कान सोयीचा पडेल याचा विचार करत होतो. सिग्नल लागला. बेलिंडा वळून मागे बघायला लागली.

"मिहा, ऐक. ती नर्स तुझ्या कानाला डबे लावेल. त्यात बारीक आवाज येईल. तो आला की..."

ती थांबली. अपा तिच्याकडे बघत होते. त्यांना आता इंग्रजी कळत नाही. तरी बघत होते.

"आला की हात वर कर," बेलिंडा म्हणाली. "प्रत्येक वेळी."

सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता. मागच्या गाड्यांनी हॉर्न धरले होते. नोएलियानं प्रत्येक हॉर्नला हात वर केला.

शाळेच्या दाराशी अपा थबकले. टोपी काढली, डाव्या हातानं शर्ट पँटीत खोचला. मग आत आले, पण मधून नाही, भिंतीच्या कडेकडेनं. मी त्यांना आयुष्यात कधी कडेनं चालताना बघितलं नव्हतं. लोकांच्या छपरांवरसुद्धा ते मधोमध चालायचे.

नोएलियाचे कान उत्तम निघाले. नर्स म्हणाली, असे कान कुत्र्याचे असतात, चांगल्या अर्थानं. ओकांपोबाईंना बोलावलं. त्यांनी निकाल ऐकला आणि बेलिंडाकडे वळल्या.

"मग त्या दिवशी काय झालं?"

बेलिंडानं तोंड उघडलं. मला वाटलं, 'भविष्यासाठी' म्हणणार.

"तिला स्पॅनिश येत नाही," ती म्हणाली. "मला येत नाही, याला येत नाही. याला तर त्याच कामाचा पगार मिळतो. फक्त अपांना येतं, आणि त्यांना आता तेवढंच येतं. ते रोज मला काहीतरी सांगतात आणि मी ढिम्म उभी असते. शेजाऱ्याला विचारावं लागतं, माझे वडील काय म्हणाले. मला घरात कुणीतरी पाहिजे, त्यांचं ऐकणारं. मेंदू जाड होवो न होवो."

ओकांपोबाईंनी हातातला निकालाचा कागद टेबलावर ठेवला. मग भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या अपांकडे बघून म्हणाल्या, "सेन्योर अरिस्पे?"

अपा ताठ झाले. टोपी छातीशी धरली.

"मांदे," म्हणाले.

सत्तरीला आलेला माणूस, आणि आवाज नोएलियाच्या वयाचा. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, तीच ती गुडघे हनुवटीला लावणारी, आणि समोर परीक्षेतली चित्रं मांडली. काहीतरी विचारलं. अपांनी आधी दाराकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग अगदी खालच्या आवाजात एक शब्द बोलले आणि थांबले, काय होतंय ते बघायला. काही झालं नाही. बाईंनी मान हलवली. पुढचा शब्द थोडा मोठ्यानं आला. घोड्याचं चित्र निघालं तेव्हा अपा रंगात आले होते. ते घोड्यावर इतका वेळ बोलले, की नर्ससुद्धा दारात येऊन उभी राहिली. बाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग अपा आमच्याकडे हात करून बरंच काही म्हणाले, एकदा छताकडे बोट केलं, एकदा स्वतःच्या ढुंगणावर थाप मारली, आणि बाईंचं हसणं थांबलं.

"काय म्हणाले?" बेलिंडानं विचारलं. ती खुर्चीच्या कडेवर आली होती.

"घोडा तांबडा आहे."

"आणि बाकीचं?"

"त्यातलं एक सांगते. तुम्ही चिठ्ठ्या लावल्या होत्या ना घरात?"

"हो. त्यांनी फाडल्या. त्यांना आम्ही शिकलेलं नको आहे."

"चिठ्ठ्या चुकीच्या होत्या. ड्रॉवरवर तुम्ही 'चड्डी' असं लिहिलं होतंत. नळावर 'हळूच थोपटा'. आणि पंख्यावर 'चाहता'." बाईंनी घसा साफ केला. "ते म्हणतात, मी जन्मभर पंखे आणि एसी दुरुस्त केले आणि माझी मुलगी माझ्या नातीला शिकवते की वर छताला एक चाहता टांगलाय. म्हणतात, शिकवायचं तर नीट शिकवा, नाहीतर मला विचारा."

फोनला इंग्रजीत 'फॅन' विचारलं होतं. एका शब्दाचे दोन अर्थ असले की आमच्या फोनला नेहमी दुसरा आवडतो.

अपा बेलिंडाकडे बघत होते आणि तिनं या वेळी नजर काढून घेतली नाही.

"जागेचं काय?" शेवटी मीच विचारलं.

"घरात स्पॅनिश बोलणारं माणूस आहे, ते मी लिहीन. उत्तीर्ण झालेत ते," बाई म्हणाल्या. "पण शाळेत यायचं आहे हिला. एका शब्दावर मी नाही घेऊ शकत. स्पॅनिश बाजूला दोन जागा रिकाम्या आहेत, परवा तिसरी होती, ती मातेओ हेंडरशॉटला गेली."

"काइलच्या मातेओला? स्पॅनिश बाजूला?"

"फार सुंदर बोलतो." बाईंनी चित्रं गोळा केली. "ऑगस्टमध्ये पुन्हा आणा हिला. तेव्हा मी ओरडणार नाही."

"पण अपा आणखी काय म्हणाले? ते छताकडे बोट करून? ते रोज घरी तेच एक वाक्य म्हणतात."

"हो, सांगितलं त्यांनी मला, कुणाला कळत नाही ते. मी सांगितलं तर मग मी तुमचा तो शेजारी झाले. घरी जाऊन त्यांनाच विचारा."

"कसं विचारू? मला येत नाही म्हणून तर..."

"तुमच्या मुलीला येतं तसं," ओकांपोबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर अपा पुढच्या खोलीत आपल्या खुर्चीत बसले. बाहेर उकाड्यानं गवत पिवळं पडत होतं, वाढलेलं होतंच. त्यांनी मान मागे टाकली आणि वाक्य म्हटलं. तेच.

बेलिंडा त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. मला वाटतं झटक्यानंतर ती पहिल्यांदाच त्या खोलीत बसली असेल.

"मांदे?" ती म्हणाली. उच्चार वाईट होता.

अपांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं, जरा सावकाश.

"मांदे?" मी म्हटलं. मी स्पॅनिश विभागात आहे, मागे कसा राहणार.

अपांनी तिसऱ्यांदा म्हटलं. काठी आपटली नाही. एकेक शब्द सुटा करून, भिंतीवर खिळा ठोकावा तसा, आणि डावा हात वर करून हवेत बोट फिरवलं. आधी एका बाजूनं गोल, मान हलवून 'नो'. मग दुसऱ्या बाजूनं गोल, आणि 'सी', म्हणजे हो.

"मांदे?" बेलिंडा म्हणाली. तिला ते कळेना. तिचे ओठ शब्दांच्या मागे मागे हलत होते.

"पंखा उलटा फिरतोय," नोएलिया म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं. ती सोफ्यावर पालथी पडून अपांच्या खिशाकडे बघत होती.

"मिहा, तुला कळलं? त्यांचं स्पॅनिश तुला कळलं?"

"नाही. ते बोटानं दाखवतायत ना."

मी शिडी आणली. पंख्याच्या पोटाला एक बारीक खटका असतो, थंडीत एका बाजूला, उन्हाळ्यात दुसऱ्या. आमचा हिवाळ्यापासून तसाच राहिला होता आणि गरम हवा वरच्या वर घुसळत होता. मी खटका सरकवला. पंखा थांबला, विचार केल्यासारखा डुलला, आणि उलट्या बाजूनं सुरू झाला. वारा खाली आला. अपांच्या कपाळावरचे केस उडाले. त्यांनी डोळे मिटले आणि सगळा उन्हाळा आत्ता सुरू झाल्यासारखा श्वास सोडला.

मग एक डोळा उघडून पंख्याकडे बोट केलं आणि एक शब्द म्हणाले, काइलनं ज्याचा हातपंखा केला होता तोच. बेलिंडाकडे बघून.

"आबानिको," बेलिंडानं म्हणून पाहिलं.

"नो." त्यांनी पुन्हा म्हटलं.

"आबानीको."

अपांनी खिशात हात घातला, वडी काढली आणि तिच्यापुढे धरली. बेलिंडानं ती घेतली. कागद उलगडेपर्यंत तिचा भुगा झाला होता, अर्धा तिच्या मांडीवर सांडला, आणि नोएलिया सोफ्यावरून उडी मारून उतरली.

"तिनं एकच शब्द म्हटला," नोएलिया म्हणाली. "मी कितीतरी वेळा म्हटला होता."

अपांनी तिच्याकडे बघून काहीतरी विचारलं. नवीन होतं, आधी कधी ऐकलं नव्हतं. आम्ही तिघांनी एकदम म्हटलं, "मांदे?"